टेरी कॅलियर ऐकायचाय? मग तिसऱ्या गाण्यापासून सुरुवात करा

“जॅझ ऐकायचंय, पण त्यातलं काही कळत नाही. कुठून सुरू करू?” हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. जाणकार मंडळी अशा वेळी माइल्स डेव्हिसचं नाव घेऊन मोकळी होतात. सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं भावनेने ओथंबलेलं गाणं, म्हटलं की मार्व्हिन गे. दोन्ही सल्ले बरोबरच असतात. फक्त होतं असं, की विचारणारा आठवडाभर इमानेइतबारे ऐकतो आणि पुढच्या सोमवारी गुपचूप आपल्या जुन्या गाण्यांकडे परततो.

म्हणून हल्ली मी एकच रेकॉर्ड सुचवते. शिकागोच्या टेरी कॅलियरची, १९७२ सालची ‘व्हॉट कलर इज लव्ह’. सात गाणी, सुमारे चाळीस मिनिटं. ही जॅझची रेकॉर्ड आहे का? आहे. सोलची? तीही आहे. मांडीवर गिटार घेऊन एकटाच गाणारा माणूस ऐकू येतो तेव्हा ती अमेरिकी लोकगीतांचीही आहे. निघाली तेव्हा नेमकं हेच तिच्या मुळावर आलं. दुकानात कोणत्या खणात ठेवायची आणि रेडिओवर कोणत्या कार्यक्रमात वाजवायची, कुणालाच उमगेना. आज मात्र हीच गोष्ट नवख्याच्या पथ्यावर पडते. एका दाराने आत जाता आलं नाही तर दुसरं दार उघडंच असतं.

खाली जो क्रम दिलाय तो माझा आहे. रेकॉर्डवरचा क्रम वेगळा आहे आणि कॅलियरचे कट्टर चाहते माझ्या क्रमावर नाक मुरडतील. मुरडू देत.

आधी ओळख, पण थोडक्यात

कॅलियर १९४५ साली शिकागोत जन्मला आणि शहराच्या उत्तर भागात, कॅब्रिनी-ग्रीन नावाच्या सरकारी वसाहतीच्या परिसरात वाढला. कर्टिस मेफील्ड आणि जेरी बटलर हे त्याचे लहानपणचे सोबती. पुढे दोघंही मोठे गायक झाले. कॅलियर सतरा वर्षांचा असताना चेस रेकॉर्ड्स या शिकागोच्या नामांकित कंपनीकडे गाऊन आला, पसंत पडला, एक छोटी तबकडीही निघाली. मडी वॉटर्स, एटा जेम्स अशा बड्या मंडळींबरोबर दौऱ्यावर जायचं ठरत होतं, तेवढ्यात आई आडवी आली. आधी शिक्षण, मग गाणं. हा प्रसंग मराठी घरात वाढलेल्या कुणाला उलगडून सांगायची गरज नाही.

मग तो कॉलेजात गेला आणि कॉफीहाउसांमधून गिटारवर लोकगीतं गाऊ लागला. साठच्या दशकाच्या मध्यावर शिकागोतच त्याने जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि त्याच्या तीन साथीदारांना प्रत्यक्ष वाजवताना ऐकलं. (हाच तो कोल्ट्रेन, जो रविशंकरांच्या सतारीने भारावला होता आणि ज्याने मुलाचं नाव रवी ठेवलं.) त्या रात्री कॅलियर हादरला. ही माणसं वाजवण्यात जेवढा जीव ओततात तेवढा ओतायची आपली तयारी आहे का, असा प्रश्न पडला आणि काही काळ त्याने गाणंच बाजूला ठेवून साधी नोकरी धरली. परत आला तो कोल्ट्रेनकडून एक युक्ती उचलून. त्याची पहिली एलपी १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. तीत लोकगीतांना साथ म्हणून एक नाही, दोन बास (खालचे स्वर वाजवणारं तंतुवाद्य) आहेत, युक्ती ती हीच. बाकी फक्त गिटार आणि आवाज. ती बाजारात यायला १९६८ उजाडलं. तोवर लोकगीतांची लाट ओसरली होती. कॅलियरच्या नशिबाचा हा पहिला नमुना.

पुढे जेरी बटलरने शिकागोत गीतकारांसाठी एक कार्यशाळा चालवली, तीत कॅलियर रुजू झाला. तिथे लॅरी वेडबरोबर लिहिलेलं एक गाणं १९७१ मध्ये ‘द डेल्स’ या गटाने गाजवलं आणि चेसच्याच कॅडेट या शाखेने कॅलियरला स्वतःच्या नावावर गायची संधी दिली. १९७२-७३ या दोन वर्षांत तीन एलपी निघाल्या. आपली रेकॉर्ड त्यातली मधली.

तिन्हींचा निर्माता आणि संगीत संयोजक एकच, चार्ल्स स्टेपनी. नाव वाचून डिकीतली स्टेपनी डोळ्यांसमोर आली असेल, तर हसून घ्या. पण इथे गाडीच स्टेपनीवर चालते. हा माणूस मुळात व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य, वाजवणारा. व्हायोलिनांचा ताफा, पितळी वाद्यं, कोरस हे सगळं कागदावर लिहून काढायचा, आणि त्याने लिहिलेले स्वर गायकाच्या अंगावर कधी पडत नाहीत, मागे उभे राहतात. गायिका मिनी रिपर्टनची पहिली एलपी त्याचीच. ‘अर्थ, विंड अँड फायर’ या गाजलेल्या बँडच्या यशातही त्याचा मोठा हात होता. १९७६ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

रेकॉर्ड मिळवायची कशी

बहुतेक स्ट्रीमिंग ॲपवर ती मिळते. शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कॅलियरच्या स्पेलिंगमध्ये ‘एल’ दोनदा येतो, आणि ‘कलर’ अमेरिकन पद्धतीने, ‘यू’ न घालता लिहायचं. आपण शाळेत शिकलो तसं लिहिलंत तर कधीकधी भलतीच गाणी समोर येतात. सापडली की शफल बंद करा.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. ही चोखंदळपणाची फुशारकी नाही. त्या एवढ्याशा स्पीकरला खालचे स्वर झेपतच नाहीत, आणि आपण ज्या गाण्यापासून सुरू करणार आहोत त्याचा सगळा डोलारा बासवर उभा आहे. तीनशे-चारशे रुपयांचे वायरवाले इयरफोनही चालतील.

एलपीच हवी असेल तर मूळ कॅडेटची प्रत महाग पडते. पुनर्मुद्रित प्रती अधूनमधून निघत असतात, त्यातली एखादी बघा. जुनी घेणार असाल तर एक धडा माझ्याकडून फुकट घ्या. मी एका विक्रेत्याकडून कव्हर बघूनच रेकॉर्ड उचलली. कव्हर आहेच तसं: गायकाचा चेहरा कुठेच नाही, सिगारेट घेऊन बसलेली एक विवस्त्र स्त्री, आणि भोवती अंधार. घरी येऊन लावली तर तबकडी वाकडी. दर फेरीला सुई होडीसारखी वरखाली होत होती आणि आवाज पोहत होता. तेव्हा दुकानातच तबकडी बाहेर काढा, डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा आणि कडेवरून नजर फिरवा. मग उजेडाखाली तिरकी करून चरे बघा. पहिलं गाणं इतकं हळू सुरू होतं की एखादा बारीक चराही तिथे फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो.

पहिली बैठक: फक्त तिसरं गाणं

‘यू गोइन मिस युअर कँडीमॅन’. सात मिनिटांहून थोडं जास्त. पहिल्या दिवशी एवढंच ऐका, पण तीनदा.

कँडीमॅन म्हणजे खाऊवाला नव्हे बरं का. ब्लूजमध्ये, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या जुन्या दुःखाच्या-विनोदाच्या गाण्यांत, हा शब्द जुना आहे. मिसिसिपी जॉन हर्टने १९२८ मध्येच कँडीमॅनवर गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. गोड बोलणारा, गोडी लावणारा पुरुष, आणि त्यापुढचा जो अर्थ आपल्या लावणीतल्या एखाद्या ओळीला हसून लोक ओळखतात, तोच. कॅलियरच्या गाण्यात हा गडी निघालाय आणि जाता जाता सांगतोय, माझी आठवण येईल तुला.

पहिल्या वेळी गायकाकडे लक्षच देऊ नका. फक्त बास ऐका. तो एक छोटासा तुकडा घेऊन येतो आणि त्याच्याभोवतीच फिरत राहतो, लेहऱ्यासारखा. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला एकच ओळ तासभर वाजवतो आणि तबलजी तिच्यावर काय वाटेल ते करतो, ते आठवा. इथे बास पेटीवाल्याच्या जागी आहे. ही ओळ तुम्हाला गुणगुणता आली की काम झालं.

दुसऱ्या वेळी टाळी द्या. आपला हात सवयीने समेवर पडतो, एकवर. सोलमध्ये बहुतेकदा ड्रमचा कडक ठोका दोन आणि चारवर असतो. एक सोडा, दोनवर टाळी, तीन सोडा, चारवर टाळी. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. भजनात उलटी टाळी दिली की शेजारचा बघतो, तसं वाटेल. थोड्या वेळाने हात आपोआप बसतो आणि मग खांदे हलायला लागतात. खांदे हलले नाहीत तर टाळी अजून एकवरच पडतेय असं समजा.

तिसऱ्या वेळी गायक. आता तो कुठे ठोक्याच्या पुढे जातो, कुठे मुद्दाम रेंगाळतो हे ऐकू येईल. कॅलियरचा आवाज खालचा, भरदार, काठाशी किंचित कापरा. या गाण्यात तो हळूहळू तापत जातो. आमच्याकडे एकदा हे लागलं होतं तेव्हा स्वयंपाकघरातून काकूने विचारलं, “हा कुणावर एवढा चिडलाय गं?” तिला इंग्रजी फारसं येत नाही. मी म्हटलं, चिडला नाहीये, निघालाय. ती म्हणाली, “तेच ते.”

दुसरी बैठक: नऊ मिनिटांचं गाणं

आता पहिल्या गाण्याकडे या, ‘डान्सिंग गर्ल’. यापासूनच सुरुवात करा असं मी का म्हटलं नाही, ते लावल्यावर दोन मिनिटांत कळेल. गिटारचे थोडे स्वर, एका स्वप्नाबद्दल हळू आवाजात बोलल्यासारखं गाणारा माणूस, मागे तंतुवाद्यांची नुसती चाहूल. ताल कुठे आहे? अजून आलाच नाही. नवखा माणूस इथे उठून चहा टाकायला जातो आणि परत येईपर्यंत गाणं भलत्याच गावाला पोहोचलेलं असतं.

ज्यांना ख्याल ऐकायची सवय आहे त्यांना हे सोपं जाईल. बडा ख्याल सुरू झाला की आपण घड्याळ बघत नाही. पण साम्य इथेच संपतं. ख्यालात राग एकच राहतो आणि लय वाढत जाते. इथे पार्श्वभूमीच बदलते. स्वप्नातून गाणं शहरात उतरतं, गरीब काळ्या वस्तीत येतं, ‘बर्ड’चा उल्लेख होतो. बर्ड म्हणजे चार्ली पार्कर, बीबॉप या वेगवान जॅझचा सॅक्सोफोनवादक, १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेलेला. हे नाव घेऊन कॅलियर सांगून टाकतो की हे गाणं कोणत्या घराण्याचं आहे. तोवर ड्रम आलेले असतात, पितळी वाद्यं आलेली असतात, आणि तो हळू बोलणारा माणूस आता मोठ्याने गात असतो.

एक कागद-पेन्सिल घ्या. गाणं चालू असताना तीन वेळा घड्याळ बघून लिहा: ड्रम पहिल्यांदा कधी आला, पितळी वाद्यं कधी घुसली, आणि गायकाने शब्द सोडून नुसती अक्षरं गायला कधी सुरुवात केली. मी मुद्दाम मिनिटं सांगत नाही. दोघातिघांनी मिळून केलंत तर आकडे जुळत नाहीत आणि त्यावरून जो वाद होतो त्यात निम्मं ऐकणं होऊन जातं. ड्रम आला म्हणजे नक्की काय? झांजेवर ब्रश फिरला तेव्हा आला, की ठोका पडला तेव्हा? असे प्रश्न पडू लागले की तुम्ही जॅझ ऐकायला लागलात.

ती नुसती अक्षरं म्हणजे स्कॅट. त्याला सरगम समजू नका, त्यातल्या अक्षरांना स्वरांची नावं नसतात. आलापही नव्हे. तोंडाने वाजवलेलं वाद्य म्हणा. जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डचा स्कॅट खेळकर असतो, पोरं फुगडी घालताना हसतात तसा. कॅलियरचा तसा नाही. शब्द पुरेनासे झाले म्हणून तो तिकडे वळल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच कोल्ट्रेनची ती रात्र मला इथे आठवते.

याच बैठकीत नंतर लगेच दुसरं गाणं वाजू द्या, थांबवू नका. तेच शीर्षकगीत. चार मिनिटं, अगदी मऊ. प्रेमाचा रंग कोणता, असा प्रश्न विचारतं आणि उत्तराच्या फंदात पडत नाही. हा प्रश्न तेव्हाच्या अमेरिकेत नुसता कवितेतला नव्हता. १९६७ पर्यंत तिथल्या अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला कायद्याने बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली त्याला ही रेकॉर्ड निघाली तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. कॅलियर यातलं काहीच बोलून दाखवत नाही. घोषणा नाही, आवाज चढवणं नाही. त्याच्या काळातल्या बऱ्याच सामाजिक गाण्यांना आज जुन्या वर्तमानपत्राचा वास येतो. याला येत नाही.

तिसरी बैठक: दुसरी बाजू

चौथं गाणं, ‘जस्ट ॲज लाँग ॲज वी आर इन लव्ह’, गोड आहे. गोडच आहे. रेडिओवर काहीतरी लागावं म्हणून केल्यासारखं. मी बऱ्याचदा पुढे ढकलते.

‘हो त्सिंग मी’ हे पाचवं. नावाचा अर्थ शोधत बसू नका. युद्धाची, मरणाची छाया त्याच्यावर आहे, व्हिएतनामचं युद्ध तेव्हा चालूच होतं. इथे स्टेपनीकडे कान द्या. एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी असताना तो किती वेळ गप्प बसतो ते मोजा. सिनेसंगीतावर वाढलेल्या आपल्या कानांना रिकामी जागा दिसली की व्हायोलिनं हवी असतात, दोन ओळींच्या मध्ये काहीतरी भरलेलं हवं असतं. स्टेपनी ती जागा मोकळी सोडतो आणि गायक ती श्वासाने भरतो.

सहावं, ‘आय’ड रॅदर बी विथ यू’, दिवस संपल्यावर ऐकायचं. साडेसहा मिनिटांच्या आसपास. मला विचाराल तर या सातांत सगळ्यात सुरेख गायलेलं हे. वर जाताना तो जोर लावत नाही, आणि खाली येताना ओळीचं शेवटचं अक्षर पूर्ण न उच्चारता हवेत सोडून देतो. तेवढी एक जागा सापडेपर्यंत हे गाणं पुन्हा पुन्हा लावायला हरकत नाही.

सातव्या ‘यू डोन्ट केअर’मध्ये शब्द अगदी थोडे. तेच तेच वाक्य कोरस घोळवत राहतो आणि वाद्यं त्याच्याभोवती चढत जातात. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं, गाणं लिहून पूर्णच झालेलं नाही. अजूनही एखाद्या दिवशी तसंच वाटतं.

तीन बैठका झाल्या की एकदा पूर्ण रेकॉर्ड तिच्या मूळ क्रमाने लावा. आता ‘डान्सिंग गर्ल’च्या सुरुवातीला तुम्ही चहा टाकायला उठणार नाही. पुढे काय येणार आहे हे ठाऊक असतं, म्हणून ती शांतता आवडू लागते.

मग ती चालली का नाही?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. गुणवत्तेवर संशय घेऊनच विचारतो. उत्तराचा बराचसा भाग हिशेबाचा आहे. चेस कंपनी १९६९ मध्ये टेपांच्या धंद्यातल्या जीआरटी या कंपनीला विकली गेली आणि त्याच वर्षी संस्थापक लेनर्ड चेस वारला. नऊ मिनिटांच्या गाण्याने सुरू होणारी एलपी हट्टाने रेडिओवर पोहोचवेल असं तिथे फारसं कुणी उरलं नव्हतं. त्याच १९७२ मध्ये कॅलियरचा बालमित्र कर्टिस मेफील्डची ‘सुपर फ्लाय’ या सिनेमाची रेकॉर्ड अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. एकाच भागातली दोन पोरं, एकच साल. मेफील्डकडे सिनेमा होता, नाचायला ठेका होता. कॅलियरकडे प्रश्न होता.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणखी दोन एलपी झाल्या, एका मोठ्या कंपनीसाठी. पण १९८३ मध्ये त्याने गाणं सोडलं. त्याची मुलगी त्याच्याकडे राहायला आली होती आणि तिला वाढवायला ठरलेल्या तारखेचा पगार लागणार होता. त्याने कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचं शिक्षण घेतलं आणि शिकागो विद्यापीठात नोकरी धरली. संध्याकाळी समाजशास्त्राचे वर्ग. सहकाऱ्यांना पत्ताच नव्हता की शेजारच्या टेबलावर कोण बसतं.

तिकडे इंग्लंडमध्ये काय चाललं होतं याचा पत्ता कॅलियरला नव्हता. जुन्या, दुर्मिळ, न विकल्या गेलेल्या अमेरिकी तबकड्या शोधून क्लबमध्ये वाजवणारी डीजे मंडळी लंडनमध्ये होती, आणि त्यांच्या पेट्यांमध्ये कॅलियर पोहोचला होता. दुकानांना जी रेकॉर्ड कोणत्या खणात ठेवावी कळत नव्हतं, ती या मंडळींना नेमकी त्याचसाठी हवी होती. ॲसिड जॅझ या छोट्या कंपनीच्या एडी पिलरने त्याला शोधून काढून फोन केला, त्याची १९८३ सालची एक तबकडी पुन्हा काढू का म्हणून विचारलं, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलियर लंडनमध्ये गायला उभा राहिला. त्यानंतर वर्षानुवर्षं तो नोकरीतल्या रजा साठवून इंग्लंडला जायचा, गायचा, आणि सोमवारी पुन्हा कामावर. आपल्याकडे गणपतीसाठी रजा साठवतात, तशी.

१९९७ मध्ये इंग्लिश गायिका बेथ ऑर्टनने त्याला आपल्याबरोबर गायला बोलावलं. १९९८ मध्ये ‘टाइमपीस’ ही नवी रेकॉर्ड आली, तिला संयुक्त राष्ट्रांचा शांततेसाठीचा पुरस्कार मिळाला आणि ऑफिसात बिंग फुटलं. नोकरीही त्यानंतर फार टिकली नाही. पण आता तिची गरज नव्हती. २००५ मध्ये जपानच्या नुजाबेस या हिपहॉप संगीतकाराने त्याच्या ‘ऑर्डिनरी जो’ला नवं रूप दिलं आणि टोकियोतली हिपहॉप ऐकणारी पोरं त्याचं नाव विचारू लागली. २००६ मध्ये मॅसिव्ह ॲटॅक या ब्रिटिश गटाबरोबर ‘लिव्ह विथ मी’ आलं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, सदुसष्टाव्या वर्षी तो शिकागोतच गेला.

पुढे काय ऐकायचं

संकलनं टाळा, निदान पहिल्या महिन्यात. निरनिराळ्या काळातली गाणी शेजारी शेजारी ठेवली की कॅलियरचा आवाज किती बदलला हे कळत नाही, नुसता गोंधळ होतो.

‘ऑकेजनल रेन’ घ्या, हीसुद्धा १९७२ चीच, आपल्या रेकॉर्डच्या आधीची. ‘ऑर्डिनरी जो’ तिच्यावरच आहे. कॅलियरचं सर्वांत लोकप्रिय गाणं हेच, आणि लगेच आवडतं. इतकं लगेच, की मी नवख्याला ते आधी देत नाही. ते ऐकलेला माणूस मग ‘डान्सिंग गर्ल’साठी थांबायला तयार होत नाही. त्यानंतर ती दोन बासवाली पहिली एलपी. रात्री ऐका, दिवे कमी करून. पाचच मिनिटांत कळेल की स्टेपनीच्या सगळ्या व्हायोलिनांखाली हाच एकटा गिटारवाला बसलेला होता.

स्टेपनीचा हात ओळखायला शिकायचं असेल तर मिनी रिपर्टनची १९७० ची ‘कम टू माय गार्डन’ ऐका, विशेषतः ‘ले फ्लर’. तिथे तो गप्प बसत नाही, बाग फुलवतो. दोन्ही लागोपाठ ऐकलंत तर त्याने कुणासाठी काय राखून ठेवलं ते दिसतं.

आणि एक जरा आडवळणाची शिफारस. मुंबईत वाढलेली, हिंदुस्थानी संगीत शिकलेली आशा पुथली त्याच काळात अमेरिकेत पोहोचली होती. जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या रेकॉर्डवर दोन गाणी तिची आहेत, आणि ही रेकॉर्डही १९७२ चीच. कोलमनचं जॅझ कॅलियरपेक्षा कितीतरी अवघड, पहिल्या फेरीत वाद्यं एकमेकांशी भांडतायत असंच वाटेल. फक्त तिचा आवाज धरून ठेवा, बाकीचं सोडून द्या. कँडीमॅनमध्ये बास धरला होता, तसाच.